टॅक्सीच्या बोनेटखालचा इटालियन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुर्भ्याला एमआयडीसीत माझं इंजिन बोअरिंगचं छोटं दुकान आहे. एक बोअरिंगचं मशीन, एक क्रँक घासायचं, एक लेथ आणि मला धरून तीन माणसं. ट्रक टर्मिनल जवळ, बाजार समिती जवळ, त्यामुळे आज आमच्याकडे येतात ती बहुतेक टेम्पोंची आणि ट्रकची इंजिनं. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी आमचं निम्मं काम एकाच इंजिनावर चालायचं. ते म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचं.

बोअरिंग म्हणजे काय, हे आधी सांगतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडर असतात, त्यांत पिस्टन वर-खाली होतो. लाखभर किलोमीटर धावल्यावर सिलिंडरच्या भिंती झिजतात आणि गोल असलेलं भोक किंचित लंबगोल होतं. मग गाडी ऑइल खाते, मागून निळा धूर सोडते, चढावर दम टाकते. आम्ही ते भोक पुन्हा गोल कापतो आणि त्यात वरच्या मापाचा पिस्टन बसतो. इंजिन पुन्हा लाखभर किलोमीटरला तयार.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. ब्लॉक दुकानात आला की पहिल्यांदा त्यावर खडूनं मालकाचं नाव लिहायचं. ओळीनं दहा ब्लॉक पडलेले असतात, सगळे सारखेच दिसतात. नाव नसेल तर एकाचं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत जायचं. अशी किती नावं मी त्या फियाटच्या ब्लॉकवर लिहिली आणि पुसली, त्याचा हिशेब नाही. पण हे इंजिन मुळात कोणाच्या डोक्यातून निघालं, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडलाच नाही. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ‘कुर्ल्याचं आहे.’

कुर्ल्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ एकदा दुकानात आले होते. स्वतःच्या गाडीचं हेड घेऊन आले होते. बोलता बोलता म्हणाले, “मिस्त्री, ज्याच्यावर तुमचं घर चालतं, त्याचं नाव माहीत आहे का?” मी म्हटलं, नाही. त्यांनी सांगितलं, “दान्ते जाकोझा. आणि याच इंजिनावर त्यानं रेसची गाडी बांधली होती, बरं का.”

रेसची गाडी! मी समोरच्या ब्लॉककडे पाहिलं. वांद्र्याच्या सिग्नलला धापा टाकणारं, दोन माणसं आणि डिकीत गॅसची टाकी घेऊन सायनचा पूल चढताना कण्हणारं ते इंजिन. मला वाटलं, गृहस्थ थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. त्यानंतर मिळेल तिथून मी या माणसाबद्दल वाचत गेलो. ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

जाकोझांचा जन्म १९०५ सालचा, रोममधला. घराणं मात्र उत्तरेकडच्या पिएमोंते भागातलं. तुरीनच्या तंत्रनिकेतनातून १९२७ मध्ये ते इंजिनिअर झाले आणि पुढच्या वर्षी फियाटच्या छत्राखालच्या एका ट्रक कंपनीत चिकटले. तिथून फियाटच्या विमान-इंजिनांच्या विभागात गेले. मोटारगाडी त्यांनी तोवर आखलेली नव्हती.

त्याच सुमारास फियाटमध्ये एक घटना घडली. १९३१ साली लार्दोने नावाच्या इंजिनिअरनं एक छोटी गाडी तयार केली होती. तिची पुढची चाकं इंजिनानं ओढली जात. तेव्हा बहुतेक गाड्यांची मागची चाकं फिरत, त्यासाठी गाडीच्या पोटाखालून लांबलचक शाफ्ट न्यावा लागे. पुढचीच चाकं फिरवली तर तो शाफ्ट वाचतो, वजन वाचतं, आत जागा होते. कंपनीचे सर्वेसर्वा जोव्हान्नी अन्येल्ली स्वतः चाचणीला गाडीत बसले. चढावर गाडीनं पेट घेतला. म्हातारबुवांना घाईघाईनं बाहेर पडावं लागलं. लार्दोनेंची नोकरी गेली आणि फियाटमध्ये ‘पुढची चाकं’ हा विषयच बंद झाला. हे प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वस्त छोटी गाडी मात्र कंपनीला हवीच होती. ते काम आलं जाकोझांकडे. वय एकोणतीस. त्यांनी काय केलं, तर इंजिन उचलून पुढच्या एक्सलच्याही पुढे ठेवलं आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, वरच्या अंगाला बसवला. त्यामुळे नाक उतरतं झालं आणि माणसांना पाय पसरायला जागा मिळाली. चासिसच्या पट्ट्यांना भोकं पाडून वजन कमी केलं. ५६९ सीसीचं, १३ अश्वशक्तीचं इंजिन. ही १९३६ ची फियाट ५००. लोकांनी तिला नाव दिलं ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदीरमामा. पुढच्या एकोणीस वर्षांत अशा पाच लाखांवर गाड्या विकल्या गेल्या.

आणि पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, आली आपली. ‘आपली’ असंच म्हणतो. फियाट ५०८ सी, पुढे तिचं नाव नुसतं ‘१,१००’. इंजिन चार सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, १,०८९ सीसी येतात. तुम्ही मुंबईत प्रीमियर पद्मिनीत बसला असाल, तर तिच्या बोनेटखालचा आकडाही हाच होता. ६८ बाय ७५. मधल्या काळात कार्बोरेटर बदलले, ताकद ३२ अश्वशक्तीवरून ४० च्या आसपास गेली, गाडीचा सांगाडा तर चार-पाचदा बदलला. पण गाभा तोच.

हे इंजिन आमच्यासारख्यांना का आवडायचं? एक तर क्रँकला तीन बेअरिंग. आजच्या हिशेबानं कमीच, पण खोलायला आणि बसवायला सोपं. दुसरं म्हणजे कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या कुशीत. तिथून लांब काड्या, पुशरॉड, वर जातात आणि व्हॉल्व्ह उघडतात. याचा फायदा असा, की हेड उतरवायचं झालं तर कॅमची चेन सोडावी लागत नाही, टायमिंगला हात लागत नाही. टॅक्सीवाल्यानं सकाळी गाडी लावली, गॅस्केट गेलेलं असेल, तर दुपारी तो पुन्हा स्टँडवर. ज्याची रोजची रोटी रोजच्या धंद्यावर आहे, त्याला अर्धा दिवस वाचणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. तिसरं म्हणजे जागा. इंजिन बोनेटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. दोन्ही बाजूंनी हात आत जायचा. पाना फिरवायला जागा होती.

आता रेसच्या गाडीकडे येतो.

या १,१०० वर इटलीत शर्यतीवाल्यांचा डोळा सुरुवातीपासून होता. एन्झो फेरारी १९३९ मध्ये आल्फा रोमिओतून बाहेर पडले, तेव्हा करार असा होता, की चार वर्षं स्वतःच्या नावानं गाडी शर्यतीत आणायची नाही. त्यांनी १९४० साली नाव न लावता दोन गाड्या बांधल्या. चासिस फियाट १,१०० ची, आणि दीड लिटरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर हेडं बसवली तीही फियाट १,१०० चीच, दोन ओळीनं. त्या वर्षी ब्रेशाच्या शर्यतीत दोन्ही गाड्या मध्येच बंद पडल्या. पण फेरारींनी स्वतःच्या जबाबदारीवर बांधलेली पहिली गाडी ती. तिच्या आणि दादर स्टेशनबाहेरच्या टॅक्सीच्या घराण्यात एवढं जवळचं नातं आहे, हे कळलं त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

जाकोझांचा स्वतःचा शर्यतीशी संबंध आला तो महायुद्ध संपता संपता. तुरीनमध्ये पिएरो दुझिओ नावाचे एक उद्योगपती होते. तरुणपणी फुटबॉल खेळलेले, युव्हेंटस क्लबचे अध्यक्ष, कापडधंद्यात पैसा केलेला, शिवाय सायकली बनवणारे. त्यांच्या डोक्यात आलं, की युद्धानंतर लोकांना शर्यती पाहायच्या असतील आणि खेळायच्याही असतील, पण पैसा कोणाकडेच नसेल. तेव्हा एक स्वस्त शर्यतीची गाडी बनवावी, सगळ्यांना सारखीच. जिंकेल तो चालवणाऱ्याच्या हातानं. गाडी आखायला त्यांनी गाठलं जाकोझांना. जाकोझांनी फियाटची नोकरी सांभाळून, रिकाम्या वेळात, ते काम घेतलं.

हाताशी काय होतं? बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं शहर, कच्च्या मालाची टंचाई आणि फियाटचे रोजचे सुटे भाग. इंजिन १,१०० चंच घेतलं, त्याला फुंकर घालून ३२ ची ताकद साठाच्या आसपास नेली. पुढचं सस्पेन्शन तोपोलिनोचं. मग नवीन काय? सांगाडा. जाकोझांनी बारीक पोलादी नळ्या तिरक्या-उभ्या जोडून पुलाच्या कैचीसारखी चौकट केली. नळ्या वाकवण्या-जोडण्याचं काम दुझिओंच्या सायकल कारागिरांच्या हातात बसलेलं. गाडीचं वजन चारशे किलोंच्या आतबाहेर. पुढे शर्यतींच्या गाड्यांत नळ्यांची चौकट सर्रास झाली. ती विक्रीसाठी डझनांनी बनवणारे हे अगदी पहिल्यांपैकी. गाडीचं नाव चिझितालिया डी ४६.

३ सप्टेंबर १९४६, तुरीनच्या व्हालेन्तिनो बागेतले रस्ते. कोप्पा ब्रेझ्झी ही शर्यत. एका रांगेत सात नव्या चिझितालिया. एकीत स्वतः दुझिओ, एकीत ताझिओ नुवोलारी. नुवोलारी म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा शर्यतपटू, पण तेव्हा वय ५३, फुप्फुसं खराब झालेली. शर्यत चालू असताना नुवोलारींच्या गाडीचं स्टिअरिंगचं चाक निखळून हातात आलं. आता तुम्ही-आम्ही काय करू? नुवोलारी उघड्या राहिलेल्या दांड्यानं गाडी वळवत राहिले आणि आपल्या माणसांसमोरून जाताना ते चाक हवेत हलवून दाखवलं. शर्यत दुझिओंनी जिंकली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते चाक. माझ्या मनात मिस्त्री म्हणून दुसराच विचार येतो. चाक बसवणाऱ्या पोरावर त्या रात्री काय गुदरलं असेल?

पुढच्या वर्षीची गोष्ट त्याहून मोठी. मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैल. ब्रेशाहून निघायचं, रोमपर्यंत जाऊन परत यायचं, साध्या रस्त्यांवरून, रात्रंदिवस. नुवोलारी १,१०० सीसीच्या उघड्या चिझितालियात. समोर २,९०० सीसीची आल्फा रोमिओ. इंजिन जवळजवळ तिप्पट. आणि तरी शेवटच्या टप्प्यापर्यंत पहिला कोण, तर हा आजारी माणूस आणि हे टॅक्सीचं इंजिन. मग धो धो पाऊस आला. इग्निशनमध्ये पाणी गेलं, गाडी बंद पडली, मौल्यवान मिनिटं गेली. चिझितालिया दुसरी आली.

इथं मुंबईकर हसेल. पावसाळ्यात किंग्ज सर्कलला पाणी साचलं, की डिस्ट्रिब्युटर भिजून बंद पडलेल्या फियाट टॅक्सी आणि तिचं झाकण धोतराच्या सोग्यानं पुसणारा ड्रायव्हर कोणी पाहिला नाही? नुवोलारींची आणि त्याची अडचण एकच होती.

त्याच गाडीची बंदिस्त आवृत्ती, चिझितालिया २०२, जाकोझांनी सुरू केली. फियाटच्या कामामुळे त्यांना ती सोडावी लागली, सावोनुत्सी नावाच्या इंजिनिअरनं पुरी केली आणि पिनिन फारिनांनी तिला अंग दिलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९५१ मध्ये मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती. आज ती त्या संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात आहे. बोनेट उघडाल तर पुन्हा तेच १,१००. दुझिओंचं मात्र पुढे बरं झालं नाही. पोर्शेंच्या कार्यालयाकडून एक महागडी ग्रां प्री गाडी करून घ्यायच्या नादात कंपनी बुडाली आणि ते अर्जेंटिनाला गेले.

जाकोझा फियाटमध्येच राहिले. शर्यतीच्या गाड्यांनी नाव होतं, पण त्यांना ओढ होती ती चार माणसं, एक पेटी आणि कमी पेट्रोल या गणिताची. १९५५ ची फियाट ६००, १९५७ ची नवी ५००, दोन्हीत इंजिन मागे. कारण पुढची चाकं फिरवायची बंदी कंपनीच्या मनातून गेली नव्हती. जाकोझांना ते करायचं होतं आणि ते थांबले. १९६४ साली संधी मिळाली, तीही आडमार्गानं. गाडी फियाटच्या नावानं न काढता औतोबियांकी या लहान भावंडाच्या नावानं काढली. फसली तर फियाटचं नाक कापलं जाऊ नये! ती गाडी प्रिमुला.

तिच्यात काय केलं ते साध्या शब्दांत सांगतो. इंजिन आडवं बसवलं, गाडीच्या रुंदीत. ब्रिटिश मिनीत १९५९ पासून ते होतंच, पण मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात, ऑइलच्या टाकीत. दोघांना एकच तेल, आणि गिअरबॉक्स खोलायचा तर सगळं खाली उतरवा. जाकोझांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, शेजारी ठेवला. त्यामुळे चाकांकडे जाणारा एक शाफ्ट आखूड आणि एक लांब झाला. झाला तर झाला, चाललं. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये हीच मांडणी फियाटच्या नावानं आली. तिचं इंजिन केलं आउरेलिओ लाम्प्रेदींनी. हे लाम्प्रेदी आधी फेरारीत शर्यतीची इंजिनं करत, १९५५ मध्ये फियाटला आलेले. गाडी १९७० ची युरोपातली सर्वोत्तम ठरली. त्याच वर्षी जाकोझा निवृत्त झाले. १९९६ मध्ये तुरीनमध्ये वारले.

लार्दोनेंची गाडी पेटल्यापासून प्रिमुलापर्यंत तेहतीस वर्षं. आज रस्त्यावरची जवळपास प्रत्येक छोटी गाडी त्या मांडणीची आहे. पुण्यात १९९८ मध्ये टाटांनी काढलेली इंडिका घ्या, बोनेट उघडा, इंजिन आडवं, गिअरबॉक्स टोकाला.

आणि मिस्त्री म्हणून माझी तक्रारही त्याच्याशीच आहे. आडव्या इंजिनानं प्रवाशाला जागा दिली, ती आमच्या हाताकडून काढून घेतली. साधा एक बोल्ट सोडायला आधी चार भाग उतरवायचे, मनगट सोलून घ्यायचं. ज्या माणसानं पाना फिरवायला जागा ठेवलेलं इंजिन दिलं, त्याच माणसानं ती जागा घेतली. दोन्ही वेळा त्याचं गणित बरोबर होतं, हे मात्र मान्य करायला हवं. तो प्रवाशाचा विचार करत होता.

आता आपल्याकडची बाजू. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून १,१०० तिथं बनू लागली. तिच्यातल्या एका गोलमटोल मॉडेलला मुंबईनं प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. पुढे डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. इटलीत १,१०० साठीच्या दशकाच्या अखेरीला बंद झाली. आपण ती या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनवत राहिलो.

हा इंजिनाचा मोठेपणा की आमची लाचारी? दोन्ही. परवाना-राज्यात दुसरी गाडी मिळायचीच नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नवं काही करायची गरज कोणाला वाटली नाही. १९३७ चं इंजिन १९९७ मध्ये नवं म्हणून विकलं जात होतं, याचा अभिमान बाळगावा असं मला वाटत नाही. पण साठ वर्षं ताणूनही ते तुटलं नाही, ते आखणाऱ्याचं श्रेय.

पद्मिनी टॅक्सी म्हणून शेवटची नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरवलेलं. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. आमच्याकडचं ते काम त्याआधीच आटलं होतं. त्या वर्षी साताऱ्याकडचे एक टॅक्सीवाले काका आले. गाडी भंगारात दिली म्हणाले, पण इंजिन काढून टेम्पोत घालून आणलं होतं. चार वेळा मीच ते बोअर केलेलं. म्हणाले, “याला आता वरच्या मापाचा पिस्टन मिळत नाही. पण भंगारवाल्याला द्यायला हात होईना. ठेव तुझ्याकडे.”

ते इंजिन मी एका बाजूनं कापून उघडं केलं आहे. आयटीआयची मुलं येतात, त्यांना दाखवायला. क्रँक हातानं फिरवला की चारी पिस्टन वर-खाली होतात, पुशरॉड उचलले जातात, व्हॉल्व्ह उघडतात, सगळं दिसतं. रीतीप्रमाणे ब्लॉकवर खडूनं नाव लिहिलं आहे. काकांचं नको म्हणाले, म्हणून मी लिहिलं, ‘जाकोझा’.

मागच्या महिन्यात कामाला लागलेल्या नव्या पोरानं दोन दिवस ते नाव वाचलं आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, “काका, हे जाकोझाशेठ इंजिन न्यायला कधी येणार? जागा अडतेय.”

मी म्हटलं, “राहू दे. त्यांचं बिल द्यायचं राहिलंय आपल्याकडून.”